एकतिसाव्या मिनिटाला

३ मार्च

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण तू म्हणशील, पोरगी शिकली आणि जुनाट झाली. म्हणून नुसता नमस्कार. मामीला थोडा जास्त.

पत्र अशासाठी, की फोनवर आपलं बोलणं 'जेवलीस का' आणि 'खांदा कसा आहे' याच्या पुढे जात नाही. या वेळी सांगायचं बरंच आहे.

सोबतच्या खोक्यात आमचा कॅमेरा आहे. तो अजून बाजारात आलेला नाही. रोज चित्रीकरणावर पोट भरणाऱ्या वीस माणसांना नमुने द्यायचे होते, मी तुझं नाव दिलं. 'नात्यातले आहेत का?' असं विचारलं गेलं. मी म्हटलं, हो, पण पंचवीस वर्षं सात किलोचा कॅमेरा खांद्यावर घेऊन दुसऱ्यांच्या आनंदात उभा राहिलेला माणूस माझ्या माहितीत एकच आहे.

हा चारशे दहा ग्रॅमचा आहे. दिसायला सोपा, पण आत काय मारामारी आहे ते सांगते. चित्र जितकं बारीक आणि स्वच्छ हवं तितकी आतली चिप जास्त राबते आणि जास्त तापते. मोठ्या कॅमेऱ्यात उष्णतेला हातपाय पसरायला जागा असते. इथे म्हणजे चार माणसांच्या खोलीत चाळीस पाहुणे. ती उष्णता धातूच्या अंगावर आणावी तर हाताला चटका बसतो. आत कोंडावी तर कॅमेरा स्वतःला वाचवायला बंद पडतो. पंखा बसवावा तर तो गुरगुरतो. पंख्याची चर्चा चालू होती तेव्हा मी तुझं वाक्य बैठकीत जसंच्या तसं सांगितलं: 'आवाज टिपायचा तर खोलीतला पंखा आधी बंद. लोकांना घाम येऊ दे, रेकॉर्डिंगमध्ये घरघर नको.' सगळे हसले, पण पंखा गेला तो गेलाच.

आमच्या मुख्य डिझायनरना तोंडावर मॅडम आणि पाठीमागे मिलिमीटर म्हणतात. एका स्क्रूची जागा ०.३ मिलिमीटरने हलवायला त्यांनी तीन इंजिनीअरांना आठवडाभर बसवलं होतं. या कॅमेऱ्याचे त्यांनी आधी लाकडाचे चौदा नमुने केले आणि फाटकावरच्या रखवालदारापासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांच्या हातात देऊन पाहिले. मला त्यांच्यासारखं व्हायचंय. हे फक्त तुला सांगते.

माझं काम चाचणीचं. कपाटाएवढी एक पेटी आहे, तिच्यात हवं ते तापमान ठेवता येतं. तिथे चाळीस अंशांत कॅमेरा सलग एक तास चालला पाहिजे, अशी अट. चालला. रिपोर्टखाली माझी सही आहे. आपल्या घरातली पहिली पदवी माझी, आणि त्या पदवीच्या जोरावर केलेली ही पहिली सही. त्या भरवशावर १५ एप्रिलला कॅमेऱ्याचं अंग ज्यात घडतं त्या साच्यांचं पोलाद कापायला जाईल. एकदा कापलं की अंगात केसाचाही बदल होत नाही.

सोबत एक फॉर्म आहे. महिनाभर वापरून भरून पाठव, आणि खरं लिही.

तुझी,
भाची


११ मार्च

चि. इंजिनीअरबाईंस,

अनेक आशीर्वाद. खोकं उघडलं तेव्हा तुझी मामी म्हणाली, 'साबणाची वडी पाठवली का पोरीने?' हातात घेतला आणि तोलून पाहत बसली. मी पण.

एक गोष्ट सांगतो. कॅमेरा उचलला आणि माझा अंगठा आपोआप बटणावर गेला. शोधावं लागलं नाही. हे ज्यांनी केलंय त्यांना हाताची जाण आहे, त्या मिलिमीटर असोत की किलोमीटर. खांद्याने तर लगेच सुटकेचा अर्ज लिहायला घेतलाय.

याच्यावर पहिलं काम मोलाचं आहे. आपल्या चौकातले व्हायोलिन दुरुस्त करणारे म्हातारबाबा तुला आठवत असतील, लहानपणी त्यांच्या डिंकाच्या भांड्यात तू बोट घातलं होतंस. त्यांच्या घशाचं ऑपरेशन २२ एप्रिलला आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, जीव राहील, आवाज राहणार नाही. मुलीची इच्छा आहे की बाबांनी सगळं सांगावं आणि मी ते टिपावं. लाकूड कसं निवडायचं, तार कुठे ओढायची, बायकोला पहिल्यांदा कुठे पाहिलं, सगळं. बाबा बोलायला लागले की सलग बोलतात. मध्ये अडवलं की धागा तुटतो, मग तासभर गप्प. म्हणून एका दमात घ्यायचंय. रविवारी जातो. दिवा धरायला मामी येतेय.

तुझा,
मामा


१६ मार्च

प्रिय मामा,

तुझं अंगठ्याचं वाक्य मी मॅडमना वाचून दाखवलं, किलोमीटर गाळून. दुपारी सहज पाहिलं तर कॅमेरा हातात घेऊन डोळे मिटून बसल्या होत्या, अंगठा बटणावर. मी दाराशीच थांबले आणि मागे फिरले.

म्हातारबाबांचं वाचून कसंतरी झालं, आणि बरंही वाटलं. मी ज्याच्यावर राबले त्या वस्तूत त्यांचा आवाज राहणार. तो डिंक केसांनाही लागला होता आणि आईने कात्री चालवली होती, हे तू सोयीने विसरलास.

रविवार कसा झाला ते सविस्तर कळव.

भाची


२४ मार्च

चि. भाचीस,

रविवार छान झाला. बाबा सव्वा तास बोलले, मुलगी रडली, मामी रडली, मी कॅमेऱ्यामागे असल्यामुळे वाचलो. चित्र असं की त्यांच्या नखातली लाखेची पुटं दिसतात. एवढ्याशा डोळ्याने एवढं दिसतं, कमाल आहे तुम्हा लोकांची.

दोन किरकोळ शंका. काचेच्या कोपऱ्यात थर्मामीटरसारखी पिवळी खूण येते ती कसली? आणि चालू कॅमेऱ्यावर ओला रुमाल ठेवला तर चालतो का? घाई नाही, सवडीने सांग.

तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग. त्या चौदा लाकडांपैकी एखादं टाकून द्यायचं असेल तर मला ठेवायला आवडेल.

मामा


२८ मार्च

प्रिय मामा,

तुझ्या शंका वाचून मी आमच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं की माझा मामा माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचतो. ती पिवळी खूण 'आता तापायला लागलोय' असं सांगते. लाल झाली तर बंद पडण्याची वेळ जवळ आली. पण चाळीस अंशांतही तासाभरात लाल झालेली मी पाहिलेली नाही, तेव्हा तू काळजी करू नकोस. ओला रुमाल मात्र कधीही नाही. पाणी आत गेलं तर मिलिमीटर तुझ्या घरी येतील.

इतर एकोणीस जणांपैकी अकरा फॉर्म आले. तक्रार एकाचीही नाही. पण बहुतेकांनी पाच-पाच मिनिटांचे तुकडे घेतलेत किंवा बाहेर मोकळ्यावर. सलग आणि खोलीत घेणारा तूच, म्हणून तुझ्या फॉर्मची वाट बघतेय. १५ तारीख जवळ आली.

भाची


२ एप्रिल

चि. भाचीस,

फॉर्म सोबत आहे. सगळीकडे 'उत्तम' लिहिलंय. 'तापतो का' याच्यासमोर 'नाही' लिहिलंय. उन्हाळ्यात मीसुद्धा तापतो, मामीला विचार.

मॅडमना सांग, अशी वस्तू करणारी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचे खांदे म्हातारपणी शाबूत राहतील. तू त्यांच्या हाताखाली आहेस याचा मला फार अभिमान आहे. चौकात सगळ्यांना सांगत फिरतो, लोक आता मला बघून रस्ता बदलतात.

मामा

ता. क. मी मामी. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, तर दुकानात बसून खाली लिहितेय. तुझे मामा हे सांगणार नाहीत. म्हातारबाबांकडे कॅमेरा एकतिसाव्या मिनिटाला बंद पडला. मी दिवा धरून शेजारी उभी होते, रेकॉर्डिंग चालू असल्याची लाल टिकली विझलेली मला दिसत होती. त्यांनाही दिसली. बाबांचा धागा तुटू नये म्हणून पुढची चाळीस-पंचेचाळीस मिनिटं ते बंद कॅमेऱ्याला डोळा लावून बसले. मधेच 'हं, हं' म्हणत होते. निघताना मुलीला म्हणाले, सगळं आलंय. घरी आल्यावर जेवले नाहीत. मला म्हणाले, पोरीची पहिली नोकरी आहे, पहिलीच सही आहे, आपल्या तोंडून जायला नको. मला हे पटत नाही. तू शिकलेली आहेस, काय करायचं ते तू बघ.


६ एप्रिल

प्रिय मामा,

मामीवर रागावू नकोस. रागवायचं तर माझ्यावर, कारण तुझ्या दोन 'किरकोळ' शंकांवर मी विनोद केले.

पत्र आलं त्या दिवशी मी पहिल्यांदा तुझ्यावर चिडले. मग वाटलं, तुझ्याकडचा नमुनाच खराब असेल. किती सोयीचं होतं ते. पण तसंच ठेवून देववेना. मी चाचणीच्या खोलीत गेले आणि त्या पेटीसमोर नुसती उभी राहिले. वर्षभर तिथे काम करतेय, पण तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. ती घोंघावते, मामा. आतलं तापमान सगळीकडे सारखं राहावं म्हणून तिच्या आतच एक मोठा पंखा असतो. तो कधीच बंद होत नाही.

म्हणजे कॅमेऱ्यातला पंखा नको असं मीच बैठकीत भांडून सांगितलं, आणि मग कॅमेऱ्याची परीक्षा घेतली ती पंख्याच्या वाऱ्यात. हवा चाळीस अंशांची असली तरी वारा तो वाराच, अंगाची उष्णता उडवून नेतो. बाबांच्या खोलीत दार बंद, खिडकी बंद, पंखा बंद. तुझ्या तोंडून हजारदा ऐकलंय मी हे, आणि तीच एक गोष्ट तपासली नाही.

मग बुटांचं एक खोकं घेतलं, त्यात कॅमेरा उभा केला आणि ते खोकं पेटीत ठेवलं, वारा लागू नये म्हणून. चाळीस अंशांत चोविसाव्या मिनिटाला बंद पडला. मग त्या दिवशी बाबांच्या खोलीत असेल तेवढं, अंदाजे पस्तीस अंश ठेवलं. बत्तिसाव्या मिनिटाला. तुझ्यात आणि माझ्यात एका मिनिटाचा फरक. तीन वेळा करून पाहिलं.

अजून कोणाला सांगितलेलं नाही. पुढच्या महिन्यात मला नोकरीत कायम करण्याचा निर्णय आहे. आईने तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवलाय. मला भीती वाटते, हे तुझ्यापासून काय लपवू. पण १५ तारखेला पोलाद कापलं की असे कॅमेरे हजारोंनी निघतील, आणि प्रत्येकासमोर कुणीतरी एकदाच सांगायचं काहीतरी सांगत असेल.

भाची


९ एप्रिल

चि. भाचीस,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. उलट टपाली लिहितोय.

काही बोलू नकोस. चूक कुणाच्या हातून होत नाही? मी फॉर्मवर 'उत्तम' लिहिलंय, ते कागदोपत्री आहे. पुढे काही निघालंच तर माझ्यावर ढकल, म्हातारा आहे, यंत्रातलं त्याला कळलं नाही म्हण. कंपनी मोठी आहे, ती बघून घेईल. तुझे आजोबा अंगठा उठवायचे, तुझ्या आईला चौथीतून काढलं. तू पहिली. पहिल्या माणसाला चूक परवडत नाही गं. मागच्यांना परवडते.

आधी कायम हो. मग हळूच सुचव.

मामा


१३ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं ९ तारखेचं पत्र मला काल मिळालं. मी ८ तारखेलाच सांगून मोकळी झाले होते. बरं झालं ते उशिरा आलं. आधी आलं असतं तर कदाचित मी ऐकलं असतं.

बुटांचं खोकं आणि कागद घेऊन मी मॅडमच्या टेबलाशी गेले. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, 'माझा रिपोर्ट चुकलाय.'

त्यांनी वर न बघता विचारलं, 'कितीने?'

'छत्तीस मिनिटांनी.'

मग वर बघितलं. उठल्या आणि चाचणीच्या खोलीत आल्या. पेटीसमोर मान जरा तिरकी करून उभ्या राहिल्या. ऐकत होत्या. म्हणाल्या, 'या खोलीत मी दोन वर्षांत आलेले नाही. आले असते तर मलाही ऐकू आलं असतं.' खोक्यातला कॅमेरा त्यांनी स्वतः चालू केला, स्टूल ओढून बसल्या आणि पूर्ण चोवीस मिनिटं बसून राहिल्या. लाल खूण आली. बंद पडला. मग त्यांनी विचारलं, 'हे तुला सुचलं कसं?' मी तुझं सगळं सांगितलं. बंद कॅमेऱ्यामागे तू बसून राहिलास तेसुद्धा. त्यांनी तापलेला कॅमेरा खोक्यातून काढून हातात घेतला. मग म्हणाल्या, 'त्या माणसाला आपण बंद वस्तू धरून बसायला लावलं.' मामा, त्या 'आपण' म्हणाल्या.

दुपारी बैठक झाली. उत्पादनाचे साहेब माझ्याकडे बोट करून म्हणाले, 'हिच्या सहीवर आम्ही तारीख दिली.' मॅडमनी रिपोर्ट उलटून त्यांच्यापुढे सरकवला. 'खाली दुसरी सही कुणाची आहे ते पण वाचा.' ती त्यांची स्वतःची होती. ते म्हणाले, वीस मिनिटांनी चित्राचा दर्जा गुपचूप कमी करू, कुणाला कळतंय. मॅडम म्हणाल्या, 'नखातली लाख बघणाऱ्याला कळतं.' ते म्हणाले, मग पंखा बसवा. त्या म्हणाल्या, 'आवाज टिपणाऱ्याला तो चालत नाही.' मग स्वतःचंच रेखाचित्र पुढे ओढलं आणि लाल पेनने पाठीमागे एक जाड रेघ ओढली. साडेचार मिलिमीटर. धातूची पाठ, तिला कंगव्यासारखे दात, म्हणजे वारा नसला तरी उष्णतेला बाहेर पडायला जागा मिळेल. छप्पन्न ग्रॅम वजन वाढेल. ०.३ साठी आठवडाभर भांडलेल्या बाई, मामा. रेघ एका झटक्यात ओढली. नंतर जिन्यात एकट्या उभ्या होत्या, तेव्हा मात्र चेहरा असा होता की मी नमस्कार न करता पुढे गेले.

साचे अडीच महिने पुढे गेले. आणि माझं कायम होणं सहा महिने. हे त्यांनी मला स्वतः बोलावून सांगितलं. 'मी थांबवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. राग आला असेल तर माझ्यावर काढ, पण कामावर ये.' मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. आईला मी फोन करून सांगितलं. ती म्हणाली, 'कॅलेंडर काय, पुढचं पान उलटायचं.'

चाचणीच्या पुस्तकात आता एक ओळ वाढलीय: खोक्याच्या आत, वारा न लागता. आणि जुन्या रिपोर्टच्या जागी मी नवा लिहिला. चोवीस मिनिटं, नापास. सही केली.

एकच गोष्ट तुझ्याकडे मागते. पहिल्या माणसाला चूक परवडत नाही असं तू लिहिलंस. मला वाटतं, पहिल्या माणसाला लपवणं परवडत नाही. मागून येणारी माझ्याकडे बघूनच शिकणार. तेव्हा फॉर्म परत भर. आणि २२ तारखेच्या आत म्हातारबाबांकडे जा.

भाची


१८ एप्रिल

चि. भाचीस,

फॉर्म सोबत आहे. 'तापतो का' याच्यासमोर 'हो' लिहिलंय, मिनिटं लिहिलीत, दार-खिडक्या बंद होत्या हेही लिहिलंय. मामीने तपासलं आणि म्हणाली, आता पोस्टात टाकायला माझ्याकडे द्यायला हरकत नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझ्या मॅडमचं तेवढं मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. अशी माणसं असतात, हे आपण ऐकून असतो. तू त्यांच्याबरोबर जिना चढतेस. मी तुला गप्प राहा सांगत होतो ते प्रेमापोटी, पण प्रेमापोटी माणूस किती भित्रा होतो ते या वयात कळलं.

कालच म्हातारबाबांकडे गेलो. जाताना जुना सात किलोचा घेतला. वाटेत मामीला तीनदा म्हटलं, परत जाऊ. ती पुढेच चालत होती, तिने ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

मुलीने दार उघडलं. मी उंबऱ्यातच सांगून टाकलं, मागच्या वेळी अर्धंच आलंय, एकतिसाव्या मिनिटाला कॅमेरा तापून बंद पडला, मी तुम्हाला खोटं बोललो. ती माझ्याकडे बघत राहिली. आतून बाबांनी विचारलं, आवाज आता अगदी चाळणीतून आल्यासारखा, 'कोण आहे? काय झालं?'

मी आत जाऊन त्यांनाही तेच सांगितलं. बंद कॅमेऱ्यामागे बसून होतो हेही.

बाबांनी हातातली तार खाली ठेवली. म्हणाले, 'मग आधी सांगायचं ना. महिनाभर वेळ होता, आता चारच दिवस राहिलेत.' आणि मुलीला म्हणाले, 'दार लाव, आणि ह्यांना खुर्ची दे. कुठपर्यंत आलं होतं?'

मी म्हटलं, 'बायकोला पहिल्यांदा पाहिलं तिथपर्यंत.'

'हां,' म्हणाले, आणि तिथून सुरू झाले.

मामा